चौथ्या नंबरची जागा

बॉलिंगमध्ये बॉल टाकायला अर्धं मिनिट लागतं. बाकीचा सगळा वेळ बसायचं असतं. टीम चौघांची. आपले दोन बॉल टाकून झाले की उरलेल्या तिघांचे होईपर्यंत कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून राहा. आणि बसलेली माणसं बोलणारच. आमच्या टीमचे किस्से साठले ते असे, बसून बसून. आम्ही किती मॅच जिंकलो ते मला कोणी विचारलं तर सांगता येत नाही. कोण काय बोललं ते मात्र पाठ आहे. दादा असता तर त्यानेच सांगितले असते हे किस्से, आणि माझ्याहून चांगले सांगितले असते. मी सातवीत शाळा सोडली. मला जमेल तसे सांगतो.

आमचा कारखाना गोव्यात, डिचोलीला, पुठ्ठ्याचे खोके करतो. आसपासच्या कारखान्यांनी मिळून बॉलिंगची स्पर्धा सुरू केली. म्हापशाकडे एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, रविवारी दुपारी. आमचे कॅप्टन म्हणजे एचआरचे परब साहेब. त्यांचा गुडघा गेलेला, ते स्वतः खेळत नसत. ते नंबर लावायचे. "कोणाला कुठे उभं करायचं हेच माझं काम," ते म्हणायचे. "तिथे पण आणि इथे पण."

पहिला नंबर माझा. दुसरा तानाजीचा. तो कोल्हापुरातल्या चंदगडकडचा, कटिंग मशीनवर. तिसऱ्या प्रमिलाताई, पेडण्यातल्या कोरगावच्या, माल तपासायला. आणि चौथा, शेवटचा, दादा. माझा थोरला भाऊ. कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. मॅच अडली की शेवटच्या बॉलवर अडते, म्हणून तिथे सगळ्यात भरवशाचा माणूस लावतात.

*

पहिल्या नंबरला न घाबरणारा माणूस लागतो, असं परब साहेबांनी मला सांगितलं. मी खूश. दादा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "साहेब, हा घाबरत नाही कारण हा विचारच करत नाही."

पहिल्याच मॅचला मी ते खरं करून दाखवलं. दहा पिना पडल्या की यंत्र त्या उचलून नव्या मांडतं. तोपर्यंत पिनांच्या पुढे एक आडवी दांडी खाली येऊन थांबते. ती वर गेली की बॉल टाकायचा. मला कुठे तेवढा धीर. समोर माझं नाव दिसलं आणि मी बॉल सोडला. दांडी खालीच होती. असा आवाज झाला की शेजारच्या लेनवर एकाच्या हातातला चहा सांडला. यंत्र बंद. मागून मेकॅनिक हातात पाना घेऊन बाहेर आला आणि विचारायला लागला, "कोणी टाकला? कोणी?"

मला वाटलं आता टीमला बाहेर काढतात. मी दादाकडे बघितलं.

दादा शांतपणे उठला आणि मेकॅनिकला म्हणाला, "माझा भाऊ आहे. त्याला पिना लागत नाहीत."

*

तानाजीने गावी फोन करून सांगितलं होतं की मी कंपनीच्या टीममध्ये नंबर दोनचा खेळाडू आहे. त्याच्या बायकोने सासरी सांगितलं, माहेरी सांगितलं. गणपतीला गावी गेला तेव्हा लोक त्याला हात मिळवायला आले.

मग एका रविवारी समोरच्या टीममधल्या कोणीतरी त्याला चहा पिता पिता सांगितलं की दुसऱ्या नंबरला नेहमी सगळ्यात कच्चा माणूस लावतात. म्हणजे पहिल्याने बरं केलेलं असतं आणि मागून दोघे सांभाळून घेतात, मधल्यामधे कोणाच्या लक्षात येत नाही.

तानाजी सरळ परब साहेबांपुढे येऊन उभा राहिला. "साहेब, मी कच्चा हाय?"

साहेब गडबडले. "छे रे. कच्चा कोण म्हणतंय?"

"मग दोन नंबरला का?"

साहेब एचआरचे असले तरी खोटं बोलणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, "तू कच्चा नाहीस. तुला आम्ही जरा झाकून ठेवलाय."

तानाजी पेटला. घरी सांगून बसलेला माणूस तो. "मी उद्या गावाकडं काय तोंड दाखवू? एवढ्या लोकांनी हात मिळवला माझ्याशी." तो बूट सोडायला लागला. टीमला चौथा माणूस कुठून आणायचा या काळजीने साहेबांचा चेहरा उतरला. तेव्हा दादा म्हणाला, "तानाजी, आज तू शेवटचा खेळ. मी दुसरा खेळतो. बदलायला हरकत नाही ना, साहेब?"

बदललं. दुसऱ्या नंबरला दादा दोन बॉल टाकून यायचा आणि आरामात कदेलावर मागे रेलून बसायचा. तिकडे तानाजी शेवटच्या जागेवर वाट बघत बसलेला. मी चुकलो की तानाजी उभा राहायचा, प्रमिलाताई चुकल्या की पाणी प्यायचा. मॅच नेमकी त्याच्या शेवटच्या बॉलपर्यंत गेली. सगळा मजला त्याच्याकडे बघतोय. त्याने बॉल टाकला, तो कसाबसा तीन पिना घेऊन लेनच्या कडेच्या गटारात गेला. आम्ही हरलो.

तानाजी परत आला. शर्ट पाठीला चिकटलेला. दादाच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "लगा, मला परत झाका."

*

प्रमिलाताईंचं सगळं दुसऱ्या बॉलवर. पहिला बॉल टाकायला मिळतो तो त्या टाकायच्या म्हणून टाकायच्या, मनात नसायचं. चार पडोत, सहा पडोत. उरलेल्या पिना दिसल्या की मात्र ताई पदर खोचायच्या. एकही सोडत नसत. तिसऱ्या नंबरला असं माणूस लागतं, शेवटच्याच्या डोक्यावर ओझं ठेवत नाही ते.

मी त्यांना विचारलं, "ताई, पहिल्याच बॉलला सगळ्या का पाडत नाही तुम्ही?"

"घरात पण उरलंसुरलं मीच संपवते," त्या म्हणाल्या. "भरलेलं ताट माझ्यापुढे कोणी ठेवलंय कधी?"

आणि एकदा खरंच पडल्या, पहिल्या बॉलला दहाच्या दहा. आम्ही सगळे नाचतोय. ताई रेषेवर उभ्याच. हात पुढे करून दुसऱ्या बॉलची वाट बघतायत.

परब साहेब म्हणाले, "ताई, या मागे. स्ट्राइक झाला. दुसरा बॉल नसतो."

ताई वळल्या. चेहऱ्यावर खरंच राग होता. "मग मी कोरगावातून दोन बस बदलून आले कशाला?"

*

आम्ही दोघे भाऊ आमोण्याहून दादाच्या मोटरसायकलवर यायचो. उशीर ठरलेला. कधी गुरं सोडायची राहिली, कधी दादाची मुलगी बूट लपवून ठेवायची, बाबाने जाऊ नये म्हणून. सगळ्या वाटेवर मी मागे बसून ओरडायचो, "दादा, पळव. माझा पहिला नंबर आहे." पहिला आला नाही तर मॅच सुरू होत नाही आणि टीमवर शिक्षा. शेवटच्याला मात्र तीन माणसांचा वेळ हाताशी.

दादा मला मॉलच्या दारात सोडायचा. मी जिन्यावरून धावत वर, धापा टाकत बूट घालायचो, घामेजल्या हाताने बॉल उचलायचो. तो सावकाश गाडी लावायचा, खाली गाड्यावर उंडो पाव आणि काळा चहा घ्यायचा, आणि तोंड पुसत वर यायचा.

मी एकदा चिडून म्हटलं, "तुझं बरं आहे."

"शेवटचं असण्यात एवढंच तर मिळतं," दादा म्हणाला. "बाकी सगळी भीतीच."

मी हसलो. दादा आणि भीती.

आता मला ती गाडी चालवावी लागते. मागे कोणी नसतं. मी दारात थांबतो, मग लक्षात येतं की उतरणारा मीच आणि गाडी लावणाराही मीच.

*

दादा पावसात भाताच्या लावणीला उतरला होता. नंतर ताप. आम्हाला वाटलं भिजल्यामुळे. मग डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले उंदरांचा ताप आहे, शेतातल्या पाण्यातून येतो. मोठ्या हॉस्पिटलात नेला.

परब साहेब भेटायला आले. हातात मोसंबी. पाच मिनिटं काय बोलावं ते त्यांना कळेना. हॉस्पिटलात माणसं काय बोलतात? मग त्यांनी आपल्या कामाचंच विचारलं. "गुरुदास, रविवारी चौथ्या नंबरला कोणाला घालू?"

मला एवढा राग आला की मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढणार होतो. खरंच धरला दंड. पण दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला तो.

"कोणाला घालू नका, साहेब," तो म्हणाला. "जागा ठेवा. येतो मी."

मी साहेबांचा दंड सोडला.

त्या रविवारी आम्ही खेळायला गेलो नाही. त्या रविवारी आम्ही आमोण्याला नदीवर होतो, सगळी टीम.

*

बारावं-तेरावं झाल्यावर परब साहेबांनी सांगितलं की स्पर्धेच्या नियमात एक सोय आहे. खेळाडू आला नाही तर त्याची जागा तशीच ठेवता येते. त्याचे जे नेहमीचे सरासरी गुण असतात, त्यातले थोडे कापून बाकीचे टीमला मिळतात. "तो म्हणाला होता जागा ठेवा," साहेब म्हणाले. "मी ठेवली आहे."

म्हणून आम्ही तिघेच गेलो. वर पडद्यावर चार नावं. मी टाकले, तानाजीने टाकले, ताईंनी टाकले. मग पडद्यावर चौथं नाव उजळलं आणि यंत्र थांबलं. पिना मांडलेल्या, दांडी वर गेलेली, लेन मोकळी. कोणीतरी बॉल टाकायची वाट बघत यंत्र तसंच उभं. काउंटरवरच्या माणसाने बटण दाबून पुढे ढकलायचं होतं, पण तो दुसऱ्या लेनशी भांडत होता.

आम्ही तिघे कदेलावर. कोणी हलेना. मला वाटायला लागलं, आता मी उठणार आणि काहीतरी करणार. काय ते माहीत नाही. पडदा फोडणार नाहीतर लेनवरून चालत जाऊन पिना हाताने पाडणार.

शेवटी बटण दाबलं गेलं. मॅच संपली तेव्हा साहेबांनी हिशोब मोठ्याने वाचला. माझे इतके, ताईंचे इतके, गुरुदासचे इतके. तानाजीचे सगळ्यांत कमी.

तानाजी पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "न येता पण माझ्यापेक्षा जास्त पाडतोय दादा."

बोलला आणि त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. त्याने तोंडावर हात ठेवला. पहिल्या हसल्या त्या प्रमिलाताई, नाकातून. मग साहेब. मग मी, आणि माझं हसणं काही थांबेना, एवढं की तानाजी मला धरून नळाकडे घेऊन गेला आणि डोक्यावर पाणी ओतलं.

*

तशीच रिकामी जागा घेऊन आम्ही फायनलला पोचलो. आणि फायनलला ती सोय नव्हती. चार जिवंत माणसं उभी राहिली पाहिजेत, नाहीतर समोरची टीम न खेळता जिंकली.

मला वाटलं चौथा नंबर आता माझा. भावाची जागा भावाला. माझी झोप उडाली होती त्या विचाराने, पण दुसरं कोणी तिथे उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. पहिल्या नंबरला कारखान्यातला कोणीही धरून आणला असता.

परब साहेबांनी कँटीनमध्ये नंबर सांगितले. पहिला मी. दुसरा तानाजी. तिसऱ्या ताई. चौथी वहिनी.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा गेल्यावर कंपनीने तिला त्याच्या जागी पॅकिंगला घेतलं होतं. आमच्याकडे तशी पद्धत आहे, घरचा कर्ता गेला की घरातल्या एकाला काम देतात. लागून तिला दोन महिनेही झाले नव्हते. लाईनवर ती कोणाशी बोलायचीसुद्धा नाही.

मी विचारलं, "साहेब, वहिनीने आयुष्यात बॉलिंग बघितलं तरी आहे का?"

साहेब गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या डोक्यात ते अगदी सरळ होतं. "अरे, पण त्याची जागा तिलाच दिली ना आपण? नियमाने चौथा नंबर तिचाच येतो."

मी टेबलाला लाथ मारली. कँटीनची टेबलं लाकडी होती ती गेल्या वर्षी बदलून लोखंडी केली होती, हे मी विसरलो. अंगठा सुजून वांगं झाला.

साहेब खाली वाकून बघत म्हणाले, "बूट जाईल ना रे यात? तू पहिला आहेस."

*

वहिनी नाही म्हणेल अशी मला खात्री होती. ती हो म्हणाली. लगेच. मान खाली घालून.

मला कळेना. प्रमिलाताईंना कळलं. त्यांनी तिला बाथरूमपाशी गाठून विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "नोकरीतच येतं ना ते? नीट नाही टाकला तर काढतील का ओ मला?"

साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "गुरुदासची जागा तुझी, म्हणजे दोन्हीकडची." तिने तसंच धरलं होतं. चार रात्री ती या काळजीत होती. मुलीला कुशीत घेऊन पडायची आणि हात हवेत पुढे-मागे करायची. आईला वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झाला.

ताईंनी तिला खाली बसवलं. "ऐक गो बाय. ह्याचा आणि नोकरीचा काडीचा संबंध नाय. तुला नको तर नको म्हण, साहेबांना मी सांगते. लोक काय बोलतील तेही मला कळतं. अजून वर्ष झालं नाही."

वहिनीने दोनदा विचारून खात्री करून घेतली. खरंच संबंध नाही? खरंच नाही.

मग उठली आणि म्हणाली, "मग येते."

*

घरामागच्या अंगणात ती सोललेल्या नारळाने सराव करायची. पिना म्हणून फेणीच्या रिकाम्या बाटल्या. नारळ कसला सरळ जातोय, तो कुंपणात जायचा, गोठ्यात जायचा. एकदा म्हशीच्या पायाला लागला. मी शिकवायला जायचो आणि दोन मिनिटांत आवाज चढवायचो. "वहिनी, हात सरळ. सरळ म्हणजे सरळ." आणि मग माझंच मला वाईट वाटायचं. मला दिसत होतं ना, फायनलला काय होणार. सगळा मजला बघणार, बॉल गटारात जाणार, कोणीतरी हसणार, आणि मी त्या हसणाऱ्याचे दात पाडणार. आणि दादाची जागा लोकांच्या लक्षात राहणार ती तशी.

आई घरातून, जनेलाच्या गजांमागून बघत बसायची. दादा गेल्यापासून ती घरात बोलत नव्हती. हो, नाही, जेवलास का, एवढंच. एका संध्याकाळी शेजारची काकी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. बाटल्या बघितल्या, नारळ बघितला, वहिनीचा खोचलेला पदर बघितला.

"काय गो हे?" काकीने विचारलं. "ह्या दिवसांत?"

वहिनी तिथेच थिजली. मी तोंड उघडणार होतो, आणि माझं तोंड उघडलं की काय होतं ते सगळ्या आमोण्याला माहीत आहे.

तेवढ्यात आई बाहेर आली. पडलेल्या बाटल्यांपाशी गेली, वाकली, एकेक उचलून पुन्हा रांगेत मांडली. मग कंबरेवर हात ठेवून काकीला म्हणाली, "कंपनीचं काम आहे. तू पण मांड चार, लवकर होईल."

*

फायनल पेडण्याकडच्या एका औषध कंपनीशी. त्यांचा चौथ्या नंबरचा माणूस जाडजूड, मिशीवाला, वयाने पन्नाशीचा. सगळे त्याला बापू म्हणत. आम्ही खेळत होतो ती तिन्ही वर्षं आमच्या शेजारच्या लेनवर तोच शेवटचा असायचा.

माझा अंगठा बुटात ठणकत होता. पण त्या दिवशी मी दांडी वर जायची वाट बघितली, प्रत्येक वेळी. तानाजीने जन्मात केलं नव्हतं एवढं केलं. ताईंनी एक पिन मागे ठेवली नाही. नव्या माणसाला नियमाने थोडे वरचे गुण मिळतात, ते वहिनीला मिळाले. ती सगळ्यात हलका बॉल दोन्ही हातांनी धरून आणायची आणि रेषेवर वाकून सोडून द्यायची. कधी दोन, कधी पाच, कधी गटार. कोणी हसलं नाही. मी दर वेळी मागे वळून बघत होतो, कोणी हसतंय का.

शेवटी सगळ्यांचं संपलं. बापूचंही संपलं. राहिले वहिनीचे दोन बॉल. परब साहेबांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. आठ पिना पडल्या तर आपण जिंकलो.

पहिला बॉल कडेकडेने गेला. दोन पडल्या. आठ उभ्या, त्यातल्या सहा हव्या.

टाकलेला बॉल जिथे परत येतो ते कपाट दोन लेनच्या मधोमध असतं, दोन्ही टीमचं एकच. बापू तिथे आपला बॉल पिशवीत भरत होता. वहिनी तिथे जाऊन थांबली. तिचा बॉल अजून आला नव्हता. मी पुढच्याच कदेलावर होतो, मला सगळं ऐकू येत होतं. तीन वर्षं दर रविवारी दादा इथे यायचा, पण वहिनी कधी आली नव्हती. आणि आम्ही टीमवालेसुद्धा दादा बॉल टाकताना मागे बसलेले असायचो. आम्हाला त्याची पाठच माहीत.

वहिनीने बापूला विचारलं, "तुमी ह्यांच्या शेजारी खेळायचे ना?"

"होय गे बायो," बापू म्हणाला. "आमी दोघंय शेवटचे. तो टाकीपर्यंत मी थांबायचो, मी टाकीपर्यंत तो."

"हे इथे उभे राहून काय बघायचे?"

बापूने पिशवीची चेन अर्धी लावली होती, ती तशीच ठेवली. "तो काय बघायचो नाय," तो म्हणाला. "डोळे मिटून टाकायचो."

"मिटून?"

"दर वेळी. आमी दोघंय भियायचो. माझी नजर जमनीर, तेचे डोळे बंद. कोणाक सांगा नको असा माका म्हणून तो हसायचो."

बॉल गडगडत वर आला. वहिनीने तो उचलला, पोटाशी धरला. बापूला म्हणाली, "मग आमच्यातल्या एकाने तरी बघूया."

ती रेषेकडे गेली. मागे तानाजी काहीतरी पुटपुटत होता, साहेबांनी त्याला गप्प केलं. वहिनी वाकली. मी पहिल्या नंबरचा माणूस, मला भीती वाटत नाही म्हणून तिथे लावलेला. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

बॉल लाकडावर टेकल्याचा आवाज आला. मग तो जात राहिला. फार वेळ जात राहिला. मग पिनांचा आवाज. मग यंत्राचा. मजल्यावर कोणी काही बोलत नव्हतं, आणि मी काही डोळे उघडत नव्हतो.

माझ्या शेजारच्या कदेलावर कोणीतरी येऊन बसलं.

"उघडा डोळे, भावजी," वहिनी म्हणाली. "चार पडल्या. मी बघितल्या."